नेहमीचा रस्ता बंद झाला की मेंदू काय करतो?

प्रश्न: रोजच्या वाटेवर अडथळा आला की काही जणांना लगेच दुसरा रस्ता सुचतो, काही जण मात्र तिथेच अडकतात. मेंदू आठवणी वापरून वाट काढतो ती नेमकी कशी? परिस्थिती बदलली की वागणं बदलण्याची क्षमताही तिथूनच येते का? आणि फोनवरच्या नकाशावर विसंबून राहिल्याने ती कमी होते का?

उत्तर:

रस्ता पाठ असणं आणि रस्ता सुचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची सोय मेंदूत दोन वेगळ्या ठिकाणी आहे. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं यातूनच निघतात. उंदरांच्या मेंदूतल्या पेशींचे संकेत नोंदवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे पुढे माणसांइतकेच उंदीरही येतील. या बाबतीत त्यांचा आणि आपला मेंदू बराचसा सारखा चालतो.

एखाद्या ठिकाणी आपण रोज जाऊ लागलो की त्या वाटेच्या दोन आठवणी शेजारी-शेजारी तयार होत जातात. एक हालचालीची: अमुक खूण दिसली की उजवीकडे वळायचं. ही मेंदूत खोलवर असलेल्या स्ट्रायटम या भागात मुरते. दुसरी आठवण जागांमधल्या नात्यांची: हे ठिकाण त्या ठिकाणाच्या कुठल्या बाजूला, किती लांब, मधे काय लागतं. ही हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा आतला आणखी एक भाग आणि त्याला लागून असलेलं एंटोराइनल कॉर्टेक्स इथे घडते. पहिली आठवण झटपट कामाला येते, लक्षही फारसं मागत नाही, पण ती एकाच वाटेपुरती असते. दुसरी वापरायला वेळ लागतो, लक्ष लागतं, पण तिच्यातून कधीही न चाललेली वाटसुद्धा काढता येते.

हे वेगळेपण सिद्ध करणारा मार्क पॅकार्ड आणि जेम्स मॅगॉ यांचा १९९६ सालचा प्रयोग मला आजही या क्षेत्रातला सर्वांत सुबक प्रयोग वाटतो, म्हणून तो नीट सांगते. अधिकच्या चिन्हासारखा चार हातांचा मार्ग घ्यायचा. उंदराला रोज एकाच टोकाकडून सोडायचं आणि खाणं रोज एकाच हातात ठेवायचं. समजा, चौकात डावीकडे वळलं की ते मिळतं. आठव्या दिवशी उंदराला अचानक समोरच्या टोकाकडून सोडलं. त्याने जागा लक्षात ठेवली असेल तर तो आता उजवीकडे वळेल. वळण लक्षात ठेवलं असेल तर नेहमीसारखा डावीकडे वळून खाणं नसलेल्या हातात पोहोचेल. आठव्या दिवशी बहुतेक उंदीर बरोबर जागेकडे गेले. सराव तसाच चालू ठेवून सोळाव्या दिवशी पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा बहुतेक उंदीर वळणावर गेले. सवय लागली होती.

इथवर नवल काही नाही. पण या दोघांनी चाचणीच्या आधी काही उंदरांच्या मेंदूत लिडोकेन सोडलं होतं. हिरडी बधिर करायला दातांचे डॉक्टर वापरतात तेच औषध. आठव्या दिवशी हिप्पोकॅम्पस बधिर केलेल्या उंदरांना कुठल्या बाजूला जावं हे उमगेना. सोळाव्या दिवशी मात्र हिप्पोकॅम्पस बधिर करून काहीच फरक पडला नाही. आणि ज्यांचं स्ट्रायटम बधिर केलं होतं, ते सोळाव्या दिवशीही सरळ जागेकडे गेले. म्हणजे सवयीने जागेची आठवण पुसलेली नव्हती. आठवण शाबूत होती, फक्त वागण्याची सूत्रं दुसऱ्याच्या हातात गेली होती.

बंद रस्त्यापाशी गोंधळणाऱ्या माणसाबद्दल मला हेच सांगायचं आहे. त्याला परिसर माहीत नसतो असं नाही. अनेकदा माहीत असतो, पण रोजच्या सरावाने सगळा कारभार सवयीकडे गेलेला असतो आणि माहिती वर यायला वेळ लागतो. दोन मिनिटं थांबलं की सुचतं, हा अनुभव बहुतेकांना असेल.

आता ही जागेची आठवण घडते कशी ते बघू. एडवर्ड टोलमन आणि चार्ल्स होन्झिक यांनी १९३० मध्ये काही उंदरांना भूलभुलैयात दहा दिवस नुसतं भटकू दिलं, खाणं ठेवलंच नाही. अकराव्या दिवसापासून शेवटी खाणं मिळू लागलं, आणि दुसऱ्याच दिवशी हे उंदीर पहिल्यापासून बक्षीस मिळणाऱ्या उंदरांच्या बरोबरीने पळू लागले. बक्षीस नसतानाही ते शिकत होते, ते शिकणं वागण्यात दिसत नव्हतं एवढंच. बक्षिसाने हालचाल पक्की होते, यालाच शिकणं म्हणायचं, असं मानण्याचा तो काळ होता. त्या काळात १९४८ साली टोलमन यांनी मनातल्या नकाशाची कल्पना मांडली. मेंदूत त्याचा पत्ता मात्र तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हता.

तो पत्ता लागला १९७१ मध्ये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्स्की यांनी मोकळ्या फिरणाऱ्या उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या एकेका पेशीचे संकेत नोंदवले. केसाहून बारीक तार पेशीच्या जवळ पोहोचवायची, तिथला विद्युत्‌संकेत मोठा करून स्पीकरला जोडायचा. पेशी पेटली की 'टक्' असा आवाज येतो. उंदीर पेटीभर हुंगत फिरतोय, स्पीकरमधून नुसती खरखर. तो एका विशिष्ट कोपऱ्यापाशी आला की टकटकटक असा सडा पडतो, पुढे गेला की पुन्हा शांतता. परत त्याच कोपऱ्यात आला की परत सडा. दिवे मालवले तरी उंदीर त्या जागी आला की पेशी बोलते. शेजारच्या पेशीची जागा वेगळी, तिच्या शेजारचीची आणखी वेगळी. पुरेशा पेशी एकदम ऐकल्या तर उंदीर कुठे आहे हे त्याच्याकडे न बघता काही सेंटिमीटरच्या फरकाने सांगता येतं. नवखे विद्यार्थी हा आवाज पहिल्यांदा ऐकतात तेव्हा थक्क होतात, आणि खरं सांगायचं तर मलाही अजून तसंच होतं.

या पेशींना आपण स्थळपेशी म्हणू. पुढे १९८४ मध्ये जेम्स रँक यांना डोकं विशिष्ट दिशेला असलं की पेटणाऱ्या दिशापेशी सापडल्या. २००५ मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमला मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या गटाने एंटोराइनल कॉर्टेक्समधल्या ग्रिड पेशी दाखवल्या. ग्रिड पेशीची जागा एक नसते. संपूर्ण जमिनीवर समभुज त्रिकोणांची जाळी टाकावी तशा ठरावीक अंतरावरच्या अनेक जागी ती पेटते. बाहेर जमिनीवर अशी जाळी नसते, ती मेंदू स्वतः आखतो. चाललेलं अंतर आणि दिशा यांचा हिशेब ठेवायला ती उपयोगी पडत असावी, असं आमच्यापैकी बहुतेकांचं मत आहे. २०१४ चं नोबेल ओकीफ आणि मोझर दांपत्याला मिळालं ते यासाठी.

लोकांपर्यंत गोष्ट साधारण इथवर पोहोचते, आणि मग वाटतं की डोक्यात एक नकाशा आहे आणि मेंदू तो वाचतो. मला हे चित्र अपुरं वाटतं. नुसत्या नकाशाने कुणाला रस्ता सापडत नाही. मी कुठून आले, कुठे जायचं आहे, मागच्या वेळी इथे काय झालं होतं, हे त्यात मिसळावं लागतं. आणि स्थळपेशी नेमकं तेच करतात. इंग्रजी टी अक्षरासारख्या मार्गावर उंदराला आलटून-पालटून डावीकडे आणि उजवीकडे जायला शिकवलं, तर मधल्या सामाईक पट्टीवर काही पेशी फक्त डावीकडे जाण्याच्या फेरीत पेटतात, काही फक्त उजवीकडच्या. जागा तीच, वेग तोच, तरीही नोंद वेगळी. २००० साली दोन स्वतंत्र गटांनी हे दाखवलं. हिप्पोकॅम्पसमध्ये जागा अशी कधी सुटी नसते, ती प्रसंगाला जोडलेली असते.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. चौकात पोहोचलेला उंदीर पुष्कळदा थबकतो. आधी एका वाटेकडे मान वळवतो, मग दुसरीकडे, मग परत पहिलीकडे, आणि मग निघतो. पूर्वीच्या मानसशास्त्रज्ञांनीही हे टिपलं होतं, पण आत काय चाललंय ते बघायचं साधन त्यांच्याकडे नव्हतं. २००७ मध्ये ॲडम जॉन्सन आणि डेव्हिड रेडिश यांनी ते बघितलं. उंदीर चौकात उभा असताना त्याच्या हिप्पोकॅम्पसमध्ये पुढच्या वाटेवरच्या स्थळपेशी ओळीने पेटत होत्या, आधी एका हाताच्या, मग दुसऱ्या हाताच्या. पाय जागेवरच होते, पण मेंदू दोन्ही वाटांवरून पुढे जाऊन येत होता. लोरेन फ्रँक यांच्या गटाने २०२० मध्ये तर असं दाखवलं की चालता-चालताही हे शक्य भविष्यकाळ सेकंदाला साधारण आठ वेळा या गतीने आळीपाळीने तपासले जातात. चालताना हिप्पोकॅम्पसमध्ये एका लयीत उठणाऱ्या विद्युत लहरींना थीटा लहरी म्हणतात. त्यांची गती साधारण तेवढीच असते, प्रत्येक लाटेवर एक शक्यता.

उंदीर थांबलेला किंवा झोपलेला असताना दुसरी एक घटना घडते. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याइतक्या वेळात हिप्पोकॅम्पसमध्ये अतिजलद लहरींचा एक झोत येतो, आणि त्यात अख्खी वाट कित्येक पट वेगाने पुन्हा धावून जाते. झोपेत दिवसभराच्या वाटांच्या पेशी पुन्हा एकत्र जाग्या होतात हे मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी १९९४ मध्ये दाखवलं. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो ब्रॅड फायफर आणि डेव्हिड फॉस्टर यांचा २०१३ चा निष्कर्ष. दोन मीटर लांबी-रुंदीचं मोकळं मैदान, त्यात ३६ खळगे, आणि त्यातल्या एका खळग्यात खाण्याची ठरलेली जागा. निघण्याआधी उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये धावून जाणारी वाट तो पुढच्या क्षणी प्रत्यक्ष धरणार असलेल्या वाटेशी जुळत होती. निघण्याची आणि पोहोचण्याची जागा यांची ती जोडी त्याने आधी कधी केलेली नसली, तरीही. म्हणजे पाठ झालेली वाट घोकली जात नव्हती, माहीत असलेल्या तुकड्यांतून नवी वाट बांधली जात होती. पर्यायी रस्ता सुचतो तो असा.

हे संकेत वागण्याला खरोखर कारणीभूत आहेत की नुसते सोबत येतात, हा रास्त प्रश्न आहे. २०१२ मध्ये शांतनू जाधव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागेपणी येणारे हे झोत सुरू होताच हलक्या विद्युत्‌स्पंदाने मोडले. उंदरांना डब्ल्यूच्या आकाराच्या मार्गावर एक नियम शिकायचा होता: मधल्या हातातून निघताना मागच्या वेळी गेलो त्याच्या उलट बाजूला जायचं, आणि बाजूच्या हातातून नेहमी मध्ये परतायचं. झोत मोडलेले उंदीर मध्ये परतायला व्यवस्थित शिकले. मागची बाजू आठवून पुढची निवडायची वेळ आली की मात्र चुकत राहिले. ठरलेलं पाऊल टाकायला झोत लागत नाहीत. भूतकाळ आठवून पुढचं ठरवायला लागतात.

माणसांत इतक्या आत शिरता येत नाही, पण मेंदूचं स्कॅनिंग बरंच सांगतं. २०१७ मध्ये ह्यूगो स्पायर्स यांच्या गटाने लोकांना लंडनच्या सोहो भागातून चित्रफितीच्या आधारे वाट काढायला लावली. नव्या गल्लीत शिरताना तिथून किती वाटा फुटतात त्यानुसार हिप्पोकॅम्पसची हालचाल वाढत होती, आणि रस्ता बंद निघून नव्याने आखणी करावी लागली की कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स कामाला लागत होता. शक्यता मांडणं हिप्पोकॅम्पसचं काम, आणि चालू बेत थांबवून त्या शक्यतांमधून निवडणं बरंचसं प्रीफ्रंटलचं. ज्याला 'चटकन सुचतं' त्याच्यात या दोघांची जोडी चांगली जमलेली असते. नुसता चांगला नकाशा पुरत नाही, सवयीला थांबवणाराही कुणी लागतो. ताणाखाली हे थांबवणं कठीण होतं आणि माणूस सवयीकडे झुकतो, हे प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. उशीर झालेला असताना हमखास नेहमीच्याच बंद रस्त्याकडे गाडी वळते ती यामुळे.

दुसरा प्रश्न, रस्त्यापलीकडच्या लवचीकपणाचा. हो, यंत्रणा बऱ्याच अंशी तीच आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अँथनी डिकिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना कळ दाबून खाणं मिळवायला शिकवलं आणि नंतर तेच खाणं वेगळ्या वेळी मळमळ आणणारं केलं. थोडाच सराव झालेले उंदीर कळ दाबायचे कमी झाले. खूप सराव झालेले मात्र नकोशा खाण्यासाठी कळ दाबतच राहिले. आधीच्या चौकातल्या प्रयोगाचीच ही गोष्ट, फक्त इथे जागा नाही. ग्रिडसारखी नोंदही जागेपुरती नाही: २०१६ मध्ये माणसांना मान आणि पाय कमीजास्त लांब होणाऱ्या पक्ष्यांची चित्रं मनात बदलायला सांगितली, तेव्हा मानेच्या आणि पायांच्या लांबीच्या त्या काल्पनिक पटावरही मेंदूत ग्रिडच्या धर्तीचे संकेत मिळाले. नाती मांडण्याची ही रीत आधी जागेसाठी घडली आणि मग विचारासाठी वापरात आली, असं मला वाटतं. ते अजून पूर्ण सिद्ध झालेलं नाही, पण पुरावा त्या बाजूला झुकतो आहे.

हिप्पोकॅम्पस गमावलेल्या रुग्णांकडे बघितलं की हे आणखी स्पष्ट होतं. हेन्री मोलेसन यांच्या मेंदूचा हा भाग फिट्स थांबवण्यासाठी १९५३ मध्ये काढला गेला. त्यांना नवे प्रसंग लक्षात राहणं बंद झालं, पण आरशात बघून आकृती गिरवण्यासारखं हाताचं कसब ते दिवसेंदिवस सुधारत गेले, आधी कधी केल्याचं आठवत नसतानाही. आणि २००७ मध्ये डेमिस हसाबिस, एलेनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा रुग्णांना नवा प्रसंग कल्पनेत उभा करणंही जमत नाही. समुद्रकिनारा डोळ्यांपुढे आणा म्हटलं तर सुटे तुकडे येतात, एकसंध दृश्य येत नाही. मागचं आठवणं आणि पुढचं योजणं एकाच जागेवर अवलंबून आहे, याचा याहून थेट पुरावा मला माहीत नाही.

आता फोन. सोहोच्याच अभ्यासात, जेव्हा लोक नुसत्या सूचना पाळत चालत होते तेव्हा हिप्पोकॅम्पस आणि प्रीफ्रंटलमधली ती वाढीव हालचाल दिसलीच नाही. हे अपेक्षितच आहे. 'दोनशे मीटरवर डावीकडे' ही सूचना स्ट्रायटमच्या भाषेतली आहे, तिच्यात जागांचं नातं येतच नाही. उलट बाजूचा पुरावा लंडनच्या टॅक्सीचालकांचा. परवान्यासाठी त्यांना सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. मॅग्वायर यांनी २००० मध्ये त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचं दाखवलं. मग शंका आली की मुळात तसा मेंदू असलेलेच लोक या धंद्यात येत असतील. म्हणून कॅथरीन वूलेट यांच्यासोबत त्यांनी ७९ उमेदवारांचा सुरुवातीपासून शेवटपर्यंत मागोवा घेतला. जे ३९ जण परीक्षेत उत्तीर्ण झाले त्यांच्यात ही वाढ दिसली, नापास झालेल्यांत नाही. वाढ सरावाने आली होती. ठरलेल्या मार्गावर गाडी चालवणाऱ्या बसचालकांत ती नव्हती, हा तपशीलही विसरू नका. वर्षानुवर्षं रस्त्यावर असणं पुरेसं नाही, वाट स्वतः काढावी लागते.

तर फोनमुळे मेंदू बिघडतो असं मी म्हणणार नाही. जास्त जीपीएस वापरणाऱ्यांची स्थळस्मृती तीन वर्षांत जास्त घटल्याचं २०२० च्या एका अभ्यासात दिसलं, पण त्यात पुन्हा तपासलेले लोक फारच थोडे होते. जे वापरलं जात नाही ते घडत नाही, एवढं मात्र खात्रीने सांगता येतं. मी स्वतः निघण्याआधी अख्खा नकाशा एकदा लांबून बघते, जायचं ठिकाण माझ्या कुठल्या दिशेला आहे ते मनाशी ठरवते आणि आवाजी सूचना बंद ठेवते. फोन चुकल्यावर बघायला असतो. अनोळखी चौकात वळल्यावर एकदा मागे वळून बघावं, कारण परतताना तो चौक त्या बाजूने दिसणार असतो. आणि घाई नसेल तेव्हा परतीचा रस्ता वेगळा धरावा, त्याने दोन वाटा एकमेकींना जोडल्या जातात. दिशा समजण्यात कच्चे असलेल्यांनाही याचा उपयोग होतो, फक्त चिकाटी लागते.

एक गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. काही लोकांना लहानपणापासूनच ओळखीच्या परिसरातही दिशा लागत नाही, बाकी स्मरणशक्ती उत्तम असते. या अवस्थेचं वर्णन २००९ मध्ये ज्युसेप्पे इयारिया यांनी केलं आणि ती वाढत जाणारी व्याधी नाही. पण आयुष्यभर व्यवस्थित वाट सापडणारी वयस्क व्यक्ती अलीकडे ओळखीच्या भागात हरवू लागली असेल, तर ते वयावर ढकलू नका. अल्झायमरमध्ये एंटोराइनल कॉर्टेक्सवर अगदी सुरुवातीला घाला पडतो, आणि नावं-तारखा विसरण्याआधीही वाट चुकणं दिसू शकतं. अशा वेळी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, आणि जाताना किती वेळा, कुठे आणि कसं चुकलं याची नोंद घेऊन जा. निदानाला तिचा खूप उपयोग होतो.